फ्लाय फिशिंगचा स्वस्तातला सेट घेताय? आधी लाइन सोनाराच्या काट्यावर घाला

पंचगंगेत गळ टाकणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर फसवलं नेमकं कशात ते कळायचं नाही. आपल्या गळाला शिसं असतंय, पिठाचा गोळा असतोय, त्या वजनानं तंगूस लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला नुसतं पीस बांधलेलं (हीच फ्लाय, म्हणजे माशी), त्याला वजनच नाही, म्हणून वजन दोरीतच, म्हणजे लाइनमध्येच असतंय आणि ती जाताना माशीला ओढून नेते. रॉडवर ५ नंबर असला की लाइनपण ५ चीच लागते ती यासाठी.

मोबाईलवर सेकंडहँडची जाहिरात दिसली. ९ फुटी ५ वेटचा चार तुकड्यांचा रॉड, रील, इम्पोर्टेड फ्लोटिंग लाइन, डबीभर माश्या, सगळं ६,५०० ला, पैसे आधी. पार्सल आलं, रॉड बरा होता, रीलची जागा मुठीच्या खाली म्हणजे खरंच फ्लायचाच रॉड, रील फिरत होती, लाइनच्या पाकिटावर डब्ल्यूएफ५एफ (वेट फॉरवर्ड, ५ नंबर, फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी) छापलेलं. फोटोत दिसण्यासारखं सगळं चोख होतं हो.

मग तपोवनाच्या मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव चालू केला तर लाइन पुढं जायचं नाव नाही, पायाशीच गोळा होऊन पडायची. विकणाऱ्याला फोन केला. तो लई गोड बोलायचा, म्हणे दादा मनगट वाकतंय तुमचं, मागं थांबा जरा, सगळ्यांचं सुरवातीला असंच होतंय. आणि वर त्यासाठी व्हिडिओ क्लास, १,००० रुपये वेगळे! तेपण घेतले त्यानं. ह्या खेळात नवशिक्याला महिनोन्महिने जमत नाही हे खरंच आहे, त्यामुळं माल खोटा की हात कच्चा हे बाहेरून कळतच नाही, आणि ह्याचा सगळा धंदा त्यावरच चाललाय.

शेवटी गुजरीत ओळखीच्या सोनाराकडं गेलो. ५ नंबरच्या लाइनचं पुढच्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरायला पाहिजे असं ठरलेलं माप आहे (एखादी कंपनी थोडी जड बनवते, हलकी सहसा नाही). माझी भरली पावणेचार ग्रॅम. सोनार म्हणाला, घट लई दिसतीया तुझ्यात. घरी येऊन बादलीत टाकली तर फ्लोटिंग म्हणवणारी लाइन तळाला. आणि डब्ल्यूएफ म्हणजे पुढचा भाग जाड, मागं बारीक, ही मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, कसलीतरी प्लास्टिक चढवलेली दोरी.

पैसे मागितल्यावर आधी टाळाटाळ, मग त्यानं क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे रिफंड जमा होईल म्हणे. अरे बाबा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की आपलेच जातात. तिथंच फोन ठेवला आणि १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फ्रॉड झाल्या झाल्या कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, मला कळेपर्यंत मधे बराच काळ गेलेला.

बजेट कमी असेल तर रॉड साधा घ्या, रील अजून साधी घ्या, चिलापी माशासाठी रील म्हणजे नुसती लाइन गुंडाळून ठेवायची जागा आहे. लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधला बारीक तुकडा, वेगवेगळ्या जाडीच्या तंगसाचे तुकडे जोडून घरी होतो, माश्या गावठी कोंबड्याच्या मानेच्या पिसांतून बांधता येतात. पैसे घालायचे ते लाइनमध्ये, आणि तीच सेकंडहँड घेत असाल तर ३० फूट काट्यावर ठेवलेला व्हिडिओ मागा. खऱ्या माणसाला त्यात पाच मिनिटं लागतात.

माझाच रॉड आता नवीन लाइनवर व्यवस्थित चालतोय. पैसे अजून आले नाहीत, आणि त्याच फोटोंची जाहिरात नवीन नंबर घालून परत लागलीय, भाव या वेळी ५,८००.