अमेरिकन शहर कसं वाढलं हे पाहायचंय? मग शिकागो की न्यूयॉर्क?

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांना फिरायला म्हणून बऱ्याचदा तीन-चार दिवसच मोकळे मिळतात. मग न्यूयॉर्क बघायचं की शिकागो, हा प्रश्न हमखास येतो. नुसती प्रसिद्ध ठिकाणं बघायची असतील तर न्यूयॉर्कला तोड नाही. पण शहर मुळात उभं कसं राहतं हे समजून घ्यायचं असेल, तर मी शिकागोचं नाव आधी घेईन.

न्यूयॉर्क जुनं. १६२० च्या दशकात डचांनी वसवलेलं, १६६४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेलं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला अजूनही वाकड्यातिकड्या गल्ल्या आहेत आणि हाउस्टन स्ट्रीट ओलांडली की १८११ च्या आराखड्याचे काटकोनी रस्ते सुरू होतात. १८२५ मध्ये इरी कालवा झाला, मोठ्या सरोवरांकडचा माल थेट या बंदरात येऊ लागला आणि शहराने बाकीच्यांना मागे टाकलं. पण एवढ्या शतकांचे थर एकमेकांवर चढलेत की चार दिवसांत धागा हाती लागत नाही.

शिकागोचं तसं नाही. १८३३ मध्ये काही शे वस्तीचं गाव, १८९० मध्ये दहा लाखांच्या वरचं शहर! इथल्या मूळनिवासी पोटावाटोमी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हटवून ही वाढ झाली, हेही विसरू नये. १८४८ मध्ये शहराला लागून असलेल्या मिशिगन सरोवराला मिसिसिपी नदीच्या खोऱ्याशी जोडणारा कालवा खुला झाला, त्याच वर्षी पहिली आगगाडी धावली. इरी कालव्यामुळे पूर्वेची वाट आधीच मोकळी होती. धान्य, लाकूड, जनावरं, सगळं इथून जाऊ लागलं.

पण जमीन दलदलीची, सांडपाण्याला उतारच नाही, आणि कॉलऱ्याच्या साथी. तेव्हा गटारं जमिनीच्या वरच घातली, त्यांवर भराव टाकून रस्ते उंच केले आणि मग इमारतीच उचलल्या. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची विटांच्या दुकानांची ३२० फुटांची सलग रांग सुमारे ६,००० स्क्रू-जॅक लावून वर घेतली. साधारण ६०० माणसं, इशारा झाला की सगळ्यांनी एकदमच आपापले जॅक किंचित फिरवायचे. पाच दिवसांत साडेचार फुटांहून जास्त उंची, आणि तेवढे दिवस दुकानं चालूच!

तरी घाण नदीतून सरोवरात जायचीच, आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवराचं. म्हणून १९०० मध्ये २८ मैलांचा कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा केला. प्रवाहाच्या खालच्या बाजूच्या सेंट लुईसला ती घाण नको होती, म्हणून ते शहर ज्या राज्यात आहे ते मिझुरी राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हरलं. बोटीतून वास्तुकलेची सफर करताना हे लक्षात ठेवा: खालचं पाणी सरोवराकडे नाही, सरोवरापासून दूर चाललंय.

१८७१ च्या आगीत सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली. मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरचा १८६९ चा दगडी वॉटर टॉवर मात्र वाचला, तो जरूर बघा. जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणून जिचं नाव घेतात ती १८८५ ची होम इन्शुरन्स बिल्डिंग शोधू नका, ती १९३१ मध्ये पाडली. आजचं आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय मात्र आवर्जून बघा. विवेकानंदांचं १८९३ चं भाषण याच इमारतीत झालं.

न्यूयॉर्कचं पारडं जड होतं ते माणसांच्या बाबतीत. १८९२ ते १९५४ या काळात एलिस बेटावरून सुमारे १.२ कोटी स्थलांतरित अमेरिकेत आले. ते पुढे कसे राहिले, हे ९७ ऑर्चर्ड स्ट्रीटच्या टेनेमेंट म्युझियममध्ये दिसतं. १८६३ ची ही इमारत म्हणजे अरुंद जिने, अंधाऱ्या खोल्या आणि छोट्या घरांत दाटीवाटीने राहिलेली कुटुंबं. आपल्या चाळीत वाढलेल्याला तिथे फार समजावून सांगावं लागत नाही. गुडघे दुखत असतील तर जिन्यांचा विचार आधी करा.

आणखी एक फरक. शिकागोची लोकसंख्या १९५० मध्ये ३६ लाखांवर होती, २०२० मध्ये साडेसत्तावीस लाखांच्या आसपास. न्यूयॉर्क तेव्हा ८८ लाखांवर पोचलं होतं. वाढ थांबल्यावर शहराचं काय होतं, हेही शिकागोतच कळतं.

थंडीत जाणार असाल तर शिकागोचा हट्ट धरू नका, वारा सोसत नाही. मुलगा-मुलगी न्यू जर्सीत असेल आणि विमानाचा खर्च नको असेल, तर न्यूयॉर्कच करा. मात्र स्वातंत्र्यदेवीच्या तिकिटात येणारं एलिस बेट घाईत उरकू नका, आणि ऑर्चर्ड स्ट्रीटचं तिकीट आधीच काढून ठेवा.