नेपाळ की श्रीलंका: तरुण संघाला परदेशी शिबिराला नेताना

नाताळ उरकला की जालना, परभणी, संभाजीनगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चांमधून, विचारणा सुरू होते: यंदा उन्हाळ्यात तरुण संघाला बाहेर देशी शिबिराला न्यायचं तर नेपाळ बरं की श्रीलंका? अमेरिका आणि कोरिया हा आपला विषय नाही, तिकडून बोलावणं येतं तेव्हा तिकीटही तिकडूनच येतं. वर्गणी, कापणीच्या सणाचं अर्पण आणि महिला मंडळाच्या लोणच्याची विक्री एवढ्यावर निघणाऱ्या संघापुढे हे दोनच देश उरतात. मी दोन्हीकडे पोरं घेऊन गेलो आहे. शिबिर म्हणजे काय, सोबत किती मोठी माणसं हवीत, पालकांची संमतीपत्रं कशी घ्यायची हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडून देतो.

श्रीलंकेच्या बाजूने बोलणारे आमच्या पंचकमिटीतही होते आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या मिशन संस्थेचे मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, त्याच बोर्डाची माणसं 1816 मध्ये श्रीलंकेच्या उत्तरेला जाफन्याला पोहोचली. म्हणजे अहमदनगरची जुनी मंडळी आणि जाफन्याची मंडळी एका घरातलीच. तिथली चर्चं जुनी, शिस्तीची, पाहुणचार भरभरून. शिबिराचं वेळापत्रक छापून हातात मिळतं आणि ते पाळलंही जातं, याची आमच्या पोरांना सवय व्हायला वेळ लागला. चेन्नईपर्यंत रेल्वेने गेलं की पुढे जाफन्याच्या ‘पळाली’ विमानतळापर्यंत लहान विमानाचा थोडका प्रवास. जेवणही तिखट, त्यामुळे ठेच्याची आठवण फारशी निघत नाही. मात्र सगळ्यात नारळ असतो. हार्मोनियम घेऊन जायचा विचार असेल तर सामानाच्या वजनाची मर्यादा आधी बघा.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत फिरवलं ती सांगतो. पासपोर्ट.

खर्चाचा प्रश्न नाही, फी गोळा करता येते. अर्ज भरणंही सोपं झालंय. अडतं ते नावापाशी. आपल्या लेकरांची नावं कागदागणिक वेगळी असतात. शाळेच्या दाखल्यावर आजोबांनी गुरुजींना सांगितलेलं एक, आधारवर केंद्रातल्या पोराने टाइप केलेलं दुसरं, मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचं तिसरं. कुणाचं आडनाव बापाच्या नावाच्या जागी जाऊन बसलेलं, कुणाची जन्मतारीख सरळ एक जून. मग प्रतिज्ञापत्र, मग आधार दुरुस्ती, मग पुन्हा नवी तारीख. हे जुळलं की पोलीस पडताळणी. जानेवारी-फेब्रुवारीत आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, पोरगं वाळूजला कंपनीत लागलेलं आणि कॉट बेसिसवर राहणारं. गावातल्या घराला कुलूप. पडताळणीला आलेल्या माणसाने कुलूप बघून शेरा मारला तर त्याला तरी काय म्हणणार?

शेवटी जाफन्याला कोण गेलं, तर शिक्षकांची, नर्सबाईंची, बँकवाल्यांची मुलं. चांगली मुलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या ढोलकीवर आमची अर्धी उपासना चालते तो पोरगा मागे राहिला, आणि संडे स्कूलला लहान लेकरांना एका जागी बसवू शकणारी जी एकच मुलगी आमच्याकडे आहे तीही राहिली. बाहेरच्या शिबिराला जाऊन जे काम करायचं असतं ते नेमकं या दोघांना येतं. संघ कुणी निवडायचा हे पाळकसाहेबांनी किंवा कमिटीने ठरवावं. आमच्याकडे ते कागदांनी ठरवलं. हे मला आजही खटकतं. तुमच्याकडे सगळ्यांचे पासपोर्ट तयार असतील तर पुढचं वाचताना हे वजन काढून टाका.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही लागत नाही. अठरा वर्षांवरच्यांना मतदार ओळखपत्र पुरतं. पंधरा ते अठरा वयाच्यांना मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र चालतं. या वयाच्या पोरांना आधार मात्र चालत नाही आणि सगळे नेमके तेच खिशात घालून येतात. सीमेवरच्या सोनौलीला माणसं पिशव्या घेऊन पायी ये-जा करतात, पुष्कळदा कुणी हटकत नाही, पण संघ घेऊन जाताना त्या भरवशावर राहू नये.

प्रवास दमवतो, हे लपवत नाही. मनमाडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूर, दीड दिवस धरून चला, उशीर झाला तर तो वेगळा. पुढे सोनौली, सीमेपलीकडे भैरहवा, आणि मग बुटवलहून पाल्प्यामार्गे पोखऱ्याकडे जाणारा सिद्धार्थ राजमार्ग. त्या वळणांवर आमच्यातले निम्मे खिडकीला लागलेले होते. आवळासुपारी आणि रिकाम्या पिशव्या हाताशी ठेवा. गेल्यावर रोज डाळ-भात-तरकारी, भाकरी विसरायची.

पण पोहोचल्यावर फरक कळतो. नेपाळी देवनागरीत लिहितात. पहिल्याच संध्याकाळी त्यांचं भजनाचं पुस्तक आमच्या पोरांनी उघडलं आणि वाचून म्हणायला लागली, अर्थ नंतर कळला. हिंदी बहुतेकांना समजते, त्यामुळे लेकरांना गोष्ट थेट सांगता येते. जाफन्यात आमचं मराठी आधी इंग्रजीत आणि मग तमिळमध्ये जायचं. विनोद सांगितला तर हसू येईपर्यंत आम्ही पुढच्या वचनावर असायचो. उपासना शनिवारी असते, कारण नेपाळात सुट्टी शनिवारची. रविवारी मंडळीतली माणसं कामावर आणि आपण मोकळे, त्यामुळे कार्यक्रम आखताना हे आधी ध्यानात घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की समजून जा. नेपाळात दुसऱ्याचं धर्मांतर करणं किंवा त्याला प्रोत्साहन देणं हा गुन्हा आहे. 2017 च्या मुलुकी अपराध संहितेचं कलम 158, ऑगस्ट 2018 पासून लागू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड, परदेशी माणसाची नंतर देशाबाहेर रवानगी. धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटणं, चौकात साक्ष देणं हे डोक्यातून काढा. श्रीलंकेत 2004 साली असं विधेयक आलं होतं, ते मंजूर झालं नाही, पण पर्यटक म्हणून जाऊन प्रचारसभा घेणं तिथंही नियमात बसत नाही. ज्यांना मोकळेपणाने सुवार्ता सांगायची आहे त्यांना नेपाळ कदाचित अडचणीचं वाटेल, आणि ते समजण्यासारखं आहे. मला स्वतःला ते फार अडलं नाही. पोखऱ्याच्या त्याच रस्त्यावर तानसेन गावात मिशनचं रुग्णालय 1954 पासून उभं आहे, तेही धर्मप्रचार करायचा नाही या अटीवर आलेलं. आणि आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हा उपदेशासोबत शाळा आणि हाताला काम हेही होतंच. आम्ही शिबिरात शाळेची भिंत रंगवली, पाण्याच्या टाकीचा ओटा बांधला, लेकरांना लेझीम शिकवली. रोलिंग मिलवर राबलेल्या पोरांनी ओट्याचं काम ज्या झपाट्याने संपवलं ते बघून तिथले पास्टर म्हणाले, पुढच्या खेपेला दोन ओटे ठेवतो.

पालक सुरक्षिततेचं विचारतीलच. श्रीलंकेत 21 एप्रिल 2019 च्या ईस्टरला चर्चवर हल्ले झाले, त्यात बट्टिकलोआच्या झायन चर्चमधली संडे स्कूलची लेकरं गेली. नेपाळात 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी, ऐन उपासनेच्या वेळी आला. या मुद्द्यावर कुठलाही एक देश वर ठेवता येईल असं मला वाटत नाही.

वेळ मे महिन्याचीच धरा. जूनपासून नेपाळच्या घाटात दरडी कोसळतात, आणि दिवाळीच्या सुमारास हवा उत्तम असली तरी सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी सोडून पोरांना घरचे पाठवणार नाहीत. सगळ्यांचे पासपोर्ट असतील, इंग्रजी बरं असेल आणि जुन्या, मोठ्या मंडळीत राहून शिकायचं असेल तर जाफन्याला अवश्य जा. नाहीतर नेपाळ ठरवा, आणि ज्या पोरांचं मतदार ओळखपत्र नाही त्यांचा मतदार नोंदणीचा फॉर्म 6 याच आठवड्यात भरून टाका. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो, पण कार्ड अठरा झाल्यावरच मिळतं. तोवर त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांकडे चक्कर मारावी लागेल, तीही शाळेला सुट्टी लागायच्या आत.