४२ मुलाखती आणि न सापडणारं पाणी: अकरा महिन्यांनंतर

मुलाखतींच्या विश्लेषणासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स गेल्या सोमवारी संपलं. प्रोजेक्ट उघडतोय, पण नवा कोड लावू देत नाही. माझ्याच मुलाखती, मीच रात्री जागून टंकलेल्या, आणि मलाच हात लावायची बंदी. त्या रागात लिहितेय, तेवढं वजा करून वाचा. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, कारण ईमेलवर भांडण अजून चालू आहे.

काम असं: प्रबंधासाठी मराठवाड्यातल्या दोन गावांत टँकरच्या पाण्यावर घेतलेल्या ४२ मुलाखती. कोड म्हणजे मजकुराच्या तुकड्याला लावलेलं विषयाचं लेबल, मेमो म्हणजे आपली टिपणं; याहून जास्त इथे समजावत बसत नाही.

पहिल्याच आठवड्यात जे खटकलं ते अजून खटकतंय. शोधात 'पाणी' टाकलं, तर ७ मुलाखतींत एकदाही सापडेना. पाण्यावरच्या मुलाखतीत पाणी नाही! माणसं बोलतात ती पाण्याला, पाण्यापायी, पाण्यासाठी. प्रत्यय लागला की 'पाणी'चं 'पाण्या' होतं, आणि सॉफ्टवेअर नुसती अक्षरं जुळवतं. इंग्रजीत एका शब्दावरून त्याची बाकीची रूपं गाठायची सोय होती. ती सोय असलेल्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती.

सपोर्टवाल्यांनी चार दिवसांनी उत्तर दिलं: शेवटी फुली लावा. 'पाण*' लावलं. पाणी आलं, पाण्याला आलं, पाठोपाठ पाणंद रस्त्याची अख्खी रामकहाणी आली, आणि ग्रामसभेत कुणाचा तरी झालेला पाणउतारासुद्धा. शब्दांचा ढग, म्हणजे जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा दाखवणारं चित्र, तर चेष्टाच होती. सगळे शब्द काना-मात्रा-वेलांटीपाशी तुटलेले, 'प' आणि 'ण' पोस्टरवर छापावे एवढे मोठे. भाचा म्हणाला, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली शब्द ओळखायची नेहमीची खूणही काना-मात्रेला अक्षर धरत नाही, तेव्हा एकट्या यांनाच शिव्या देऊ नकोस. दिल्या तरी.

शेवटी मुलाखती साध्या टेक्स्ट फाइलींत काढल्या आणि फुकटच्या एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधायची पद्धत, चालवलं: पा[नण](ी|्य). 'न' एवढ्यासाठी, की तिथल्या आज्या 'पानी' म्हणतात आणि मी ऐकलं तसं टंकलंय. पाणंद गेली, पाणउतारा गेला. एक चुकार तेवढा उरला, हापसा दुरुस्त करणाऱ्याचा पाना: 'पान्यानं आवळलं'. तो हाताने काढला.

इथवर मत पक्कं होतं: महागडा हायलायटर. सातव्या महिन्यात ते बदललं. गाईड मॅडम म्हणाल्या, शोध सोड, ओळ न् ओळ वाचून कोड लाव. कुरकुरत ११०० तुकडे केले आणि मॅट्रिक्स म्हणजे तक्ता काढला, एकीकडे कोड, दुसरीकडे बाई-पुरुष. पुरुषांच्या पाण्याजवळ निधी, पाइपलाइन, ठेकेदार. बायकांच्या पाण्याजवळ झोप. झोप! हा कोड मी चौथ्या मुलाखतीत उगाच केला होता, टँकर कधी येईल याचा नेम नाही म्हणून एक कान उघडा ठेवून निजणाऱ्या बाईसाठी. रंगीत पेनांनी हे मला दिसलं नसतं, कबूल. आकड्यावर क्लिक केलं की त्यामागची वाक्यं उघडतात, ही सोय तर मला सगळ्यात आवडली. त्यातूनच कळलं की 'झोप'चे २३ पैकी ९ तुकडे एकट्या बोलक्या आजींचे आहेत. प्रबंधात मुद्दा घेतला, आकडा नाही.

तरीही लायसन्स रिन्यू करणार नाही. मागतायत ती रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या खोलीभाड्याएवढी आहे, आणि मराठी त्या यादीत अजूनही नाही. नशीब, लायसन्स संपायच्या आठ दिवस आधी प्रोजेक्ट क्यूडीपीएक्स फाइलमध्ये काढून ठेवला होता; अशा एका सॉफ्टवेअरमधलं काम दुसऱ्यात नेता यावं म्हणून ती असते. तिच्यामागचं रेफी-क्यूडीए हे सामायिक स्वरूप २०१९ सालचं. फाइल म्हणजे खरं तर एक झिप, आत तुमचा मजकूर आणि कोडांची एक्सएमएल, म्हणजे खुणा लावून रचलेली मजकुराची फाइल. क्वालकोडर हे असंच सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ती उघडली, कोड आले, मेमो आले. मॅट्रिक्स नाही आलं. त्या स्वरूपात क्वेरींना, म्हणजे मॅट्रिक्ससारख्या शोधांना, जागाच नाही, हे आधी वाचायला हवं होतं. तुम्ही तरी लायसन्स चालू असतानाच ते तक्ते एक्सेलमध्ये काढून ठेवा.

आता ते पुन्हा बांधतेय. आज 'विहीर' शोधायला घेतली. विहिरीत, विहिरीवर: इथे तर मधली वेलांटीच ऱ्हस्व होते. विह[िी]र.