कामठीचे मिलिटरी टेलर आणि छातीवरची नेमप्लेट

कामठी कॅन्टोन्मेंटच्या गोरा बाजार परिसरातील एका जुन्या मिलिटरी टेलरकडून नुकत्याच लेफ्टनंट झालेल्या माझ्या भाच्याने यंदाच्या रजेत हिवाळी सर्व्हिस ड्रेस (औपचारिक कोटाचा गणवेश), मेस ड्रेस (अधिकाऱ्यांच्या मेसमधील औपचारिक जेवणाचा पोशाख) आणि नेमप्लेटचे काही जोड करून घेतले. मापापासून शेवटच्या इस्त्रीपर्यंत मी सोबत असल्यामुळे या दुकानाविषयी लिहिण्याइतकी माहिती माझ्याकडे जमली आहे. कापड आणि शिवण यांविषयी माझे मत चांगले आहे, वेळेविषयी फारसे नाही. नेमप्लेटविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण औपचारिक लष्करी गणवेशावर नावाची पट्टी असावी की नसावी यावर दुकानाच्या बाकावरच आमचे तिघांचे मतभेद झाले आणि त्या चर्चेतून दुकानाचे खरे कौशल्यही दिसून आले.

नागपुरात गणवेशाचे सामान इतरत्रही मिळते. परंतु कामठीची छावणी १८२१ सालची, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर येथे, आणि देशभरातील प्राध्यापक-शिक्षकांना एनसीसीचे अधिकारी म्हणून घडवणारी ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीही येथेच. त्यामुळे या गल्लीतील शिंप्याला गिऱ्हाइकाने काही समजावून सांगावे लागत नाही. नागपूरहून जाणाऱ्यांनी मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाऊन पुढे ऑटो किंवा बस घ्यावी. स्वतःचे वाहन असेल तर संध्याकाळच्या वेळी कामठी रोड टाळावा.

दुकान लहान आहे, उजेड बेताचा आहे आणि ट्रायलसाठी पडद्याआड एकच आरसा आहे. तरीही मास्टरांनी काम हाती घेण्यापूर्वी भाच्याचे ओळखपत्र मागितले, ते नीट वाचले आणि वहीत नोंद केली, हे मला फार आवडले. सैनिक नसलेल्या व्यक्तीने सैनिक असल्याचे भासवण्यासाठी त्यांचा पोशाख घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे, आणि ज्याच्या हातून असा पोशाख बाहेर पडतो त्याने एवढी काळजी घ्यायलाच हवी. जानेवारी २०२२ मध्ये लष्कराने नवा डिजिटल छपाईचा कॉम्बॅट गणवेश आणला आणि पुढे त्या रचनेची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणीही केली. त्या कापडाचा जोड शिवून मिळेल का, असे समोरच्या एका तरुणाने विचारले, तेव्हा मास्टरांनी ‘वो कॅन्टीन से लो, यहाँ नहीं’ एवढेच उत्तर दिले. गिऱ्हाईक परत गेले, पण दुकानाची पत माझ्या लेखी वाढली.

आता कामाविषयी. सर्व्हिस ड्रेसच्या कोटाला छातीत कॅनव्हास घातलेला आहे आणि तो नुसता चिकटवलेला नसून हाताने टाके घालून बसवलेला आहे. त्यामुळे कोट अंगावर उभा राहतो आणि खांद्यावरच्या ताऱ्यांच्या वजनाने ओघळत नाही. डाव्या खिशाच्या वर पदकांच्या ब्रूचसाठी धाग्याचे बारीक फास शिवले आहेत. पुढे पदके वाढली तर फास कुठे सरकवायचे याची खूण अस्तराच्या आतून करून ठेवली आहे. लेफ्टनंटच्या छातीवर आज फारसे काही नसताना त्याच्या भविष्याचा हिशेब शिंप्याने धरावा, हे मला विशेष वाटले. तक्रार एकच आणि ती लहान नाही: सांगितलेल्या तारखेला मेस ड्रेस तयार नव्हता, त्याबद्दल आधी फोनही आला नाही, आणि भाच्याची रजा संपत आल्यामुळे घाईघाईने शेवटची ट्रायल उरकावी लागली. पाटलोणीची उंची त्यामुळे किंचित जास्त राहिली आहे.

अधिकाऱ्याला हा खर्च स्वतःच करावा लागतो, ही गोष्ट नागरी वाचकांना ठाऊक नसते. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये गणवेशाचे आधीचे वेगवेगळे भत्ते एकत्र करून अधिकाऱ्यांसाठी वर्षाला २०,००० रुपयांचा एकच भत्ता ठरवण्यात आला होता. चांगल्या सर्जचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, औपचारिक जोड, बूट, टोपी आणि मेस ड्रेस एकदम करायचे म्हटले तर नव्या अधिकाऱ्याला खिशात हात घालावाच लागतो. या पार्श्वभूमीवर दुकानाचे दर वाजवी आहेत.

नेमप्लेट काउंटरवरच्या काचेखाली मांडलेल्या आहेत. साधी काळी पट्टी दोन थरांच्या प्लॅस्टिकची असते. वरचा थर काळा आणि आतला पांढरा असल्यामुळे यंत्राने कोरल्यावर अक्षर पांढरे उमटते आणि पॉलिशने, घामाने किंवा वर्षानुवर्षांच्या पुसण्याने ते जात नाही. छापील अक्षरांच्या स्वस्त पट्ट्याही आहेत, त्या घेऊ नयेत. सोनेरी मुलामा दिलेल्या, कडेला तिरंगा किंवा तलवारी असलेल्या ‘फॅन्सी’ पट्ट्या मास्टर फक्त मागितल्यावर दाखवतात आणि दाखवताना त्यांचा चेहरा जरा कडू होतो. मागे पिन हवी की चुंबक, हे विचारले जाते. चुंबकाने कापडाला भोक पडत नाही हे खरे. परंतु जाड सर्जवर त्याची पकड सैल होते, आणि चुंबक ज्या गोंदाने पट्टीला लावलेले असते तो गोंद आपल्या मे महिन्याच्या नागपुरी उन्हात किती टिकेल याची मला शंका आहे. आम्ही पिनच घेतली. मास्टरांनी उजव्या खिशाच्या झाकणाला आतून जाड कापडाचा तुकडा लावून दिला, म्हणजे भोके मोठी होत नाहीत. या तुकड्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

वादाला तोंड फुटले ते येथेच. भाच्याचे म्हणणे असे होते की रोजच्या गणवेशावर नाव हवेच, पण परेडच्या कोटावर ते खटकते. ‘मामा, त्या दिवशी मी एकटा नसतोच, रांगेचा भाग असतो. मला वाचायला कोण येतं?’ हे त्याचे वाक्य मला विचार करण्याजोगे वाटले. त्याच्या बाजूने बोलायला जगात उदाहरणेही आहेत. अमेरिकेच्या मरीन कोरच्या निळ्या समारंभी गणवेशावर एरवी नेमप्लेट नसते, आणि ब्रिटिश लष्कराच्या परेडच्या पोशाखातही ती सहसा दिसत नाही. तेथे गणवेशाने पलटण, हुद्दा आणि कामगिरी सांगायची, माणसाचे नाव नाही, असा संकेत आहे. याउलट अमेरिकेचेच भूदल आपल्या सर्व्हिस गणवेशाच्या उजव्या बाजूला नावाची पट्टी लावते. आपल्या लष्कराच्या सर्व्हिस ड्रेसवरही उजवीकडे नाव आणि डावीकडे पदके अशीच मांडणी असते.

मास्टरांचे मत व्यवहारी होते. कोटाची उजवी बाजू रिकामी राहिली तर डावीकडच्या पदकांमुळे छाती एका अंगाला कललेली दिसते, तेव्हा पट्टी हवी, एवढेच ते म्हणाले. शिंप्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. मला मात्र ते कारण पुरेसे वाटत नाही. नाव हे शोभेसाठी लावायचे असेल तर ते न लावलेलेच बरे.

माझे मत पट्टीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पदकांतच आहे. औपचारिक गणवेशात व्यक्ती मागे पडते हे म्हणणे पदके काढून ठेवली तरच खरे ठरेल. पदक पलटणीला नव्हे, एका माणसाला मिळालेले असते. कोणी सियाचीनमध्ये राहिला, कोणी जखमी झाला, कोणाला शौर्यासाठी गौरवले गेले, हे सगळे छातीवर रंगीत फितींनी लिहायचे आणि ते कोणाचे आहे एवढेच तेवढे झाकायचे, यात मला सुसंगती दिसत नाही. दुसरे असे की १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या लष्करात ब्रिगेडियर आणि त्यावरील सर्व अधिकाऱ्यांची टोपी, खांद्यावरची चिन्हे, कॉलरवरच्या पट्ट्या, कमरपट्टा आणि बूट एकसारखे करण्यात आले आणि त्यांनी लॅनयार्ड (खांद्यावरून घेतलेली गोफाची दोरी) वापरणे बंद केले. मूळ पलटणीची ओळख त्या पातळीवर जाणीवपूर्वक बाजूला ठेवली गेली. अशा दोन ब्रिगेडियरांना शेजारी उभे केले तर त्यांच्यात फरक सांगणाऱ्या दोनच गोष्टी उरतात: पदके आणि नाव. परेड मैदानावर त्या दिवशी येणारी माणसे, म्हणजे जवानांचे आईवडील, शाळेतली मुले, गावाकडून आलेले काका, यांना फितींची भाषा कळत नाही. त्यांना नाव वाचता येते.

या चर्चेत पोलिसांचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते, पण ते जपून वापरावे. १९९६ मध्ये डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर हुद्द्यासह नावाची स्पष्ट दिसणारी पट्टी असावी असे बंधन घातले. ते तत्त्व पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. तेथे नाव हे नागरिकाचे संरक्षण आहे: ज्याने हात धरला तो कोण, हे कळलेच पाहिजे. परेडवर उभ्या असलेल्या सैनिकाचा नागरिकाशी असा संबंध येत नाही, म्हणून हे कारण जसेच्या तसे लष्कराला लावता येणार नाही.

महाराष्ट्रापुरता आणखी एक प्रश्न आहे, तो आडनावाचा. आपल्याकडे आडनाव वाचले की पुष्कळांच्या मनात जातीचा हिशेब सुरू होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये पोलिसांना आडनाव वगळून फक्त पहिले नाव लिहिलेल्या पट्ट्या देण्यात आल्या, त्या याच कारणासाठी. लष्करात देशभरचे लोक एकत्र असतात आणि हाकही बहुधा आडनावानेच मारली जाते, त्यामुळे तेथे हा बदल सोपा नाही. पण पट्टीवर नाव असावे, असे म्हणणाऱ्याने कोणते नाव, याचाही विचार केला पाहिजे. भाच्याने आद्याक्षर आणि आडनाव असाच प्रचलित मजकूर दिला आणि मास्टरांनी तो कागदावर लिहून, त्याची सही घेऊनच कोरायला पाठवला. चूक झाल्यास दोष कोणाचा हे आधीच ठरवून टाकणारी ही पद्धत इतर दुकानांनीही उचलावी.

मेस ड्रेसच्या बाबतीत मात्र मी भाच्याच्या बाजूला गेलो. मेस हे अधिकाऱ्यांचे घर आहे. तेथे जेवायला बसणारे एकमेकांना ओळखतात, पाहुणा आला तर यजमान त्याची ओळख करून देतो, आणि मोठ्या जेवणाच्या रात्री कोण कुठे बसणार याचा आराखडा लावलेला असतो. घरात जेवताना कोणी छातीवर नाव लावून बसत नाही. अमेरिकी भूदलही, जे सर्व्हिस गणवेशावर पट्टीचा आग्रह धरते, मेस गणवेशावर ती लावत नाही, आणि हा भेद मला अगदी योग्य वाटतो. अर्थात काय लावायचे हे शेवटी आदेशाने ठरते, मामाच्या मताने नाही. मास्टरांनीही हेच सांगितले आणि मेस जॅकेटला पट्टीसाठी कसलीही सोय न करता ते कोरे ठेवले. एका पट्टीची विक्री त्यांनी सहज सोडून दिली.

अंबाझरीच्या आयुध निर्माणीत नोकरी केल्यामुळे गणवेशातली माणसे मी आयुष्यभर जवळून पाहिली आहेत, आणि वाकडी बसलेली पट्टी मला लांबून दिसते. या दुकानाने बसवलेली पट्टी खिशाच्या झाकणाच्या शिवणीशी समांतर आहे आणि अक्षरांच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली आहे. अक्षरांची जाडी मात्र थोडी कमी आहे. चार पावलांवरून नाव वाचता येते, दहावरून नाही. परेडसाठी जाड अक्षरांची पट्टी वेगळी मागावी, ती मिळते.

शिवण, कापड आणि सचोटी यांसाठी या दुकानाला मी पाचपैकी चार गुण देईन. उरलेला एक गुण वेळ न पाळल्याबद्दल कापला आहे. जानेवारीच्या परेडपूर्वी आणि अकादमीत प्रशिक्षणाची तुकडी आलेली असताना येथे गर्दी असते, तेव्हा औपचारिक जोड हवा असेल तर रजेच्या पहिल्याच दिवशी माप द्यावे आणि ट्रायलची तारीख पावतीवर लिहून घ्यावी. ओळखपत्र सोबत न्यावे, त्याशिवाय ते कात्री हातात घेत नाहीत. नेमप्लेट दोन घ्याव्यात, पिनेच्या, आणि पिनेची टोपी सुटी मिळते ती चार-सहा जास्त मागून ठेवावी, कारण हरवते ती तीच.