कृष्णधवल छपाईत झालेली फसवणूक

कोल्हापुरातील एका छपाई व्यावसायिकाने मी काढलेल्या कुस्तीच्या तालमीच्या छायाचित्रांसाठी शंभर टक्के सुती कागद आणि पिगमेंट शाई (रंगाचे सूक्ष्म कण असलेली टिकाऊ शाई) वापरतो असे सांगून नेहमीच्या तिप्पट दर घेतला, आणि प्रत्यक्षात प्लॅस्टिकचा थर असलेल्या साध्या फोटो पेपरवर डाय शाईने (विरघळलेल्या रंगाच्या, लवकर विटणाऱ्या शाईने) छापलेल्या प्रती हाती दिल्या. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनासाठी किंवा घरच्या भिंतीसाठी अशी छपाई करून घेणाऱ्यांना हे माहीत असावे, म्हणून लिहीत आहे.

मी सर्व छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, टिपली होती, कारण कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र कृष्णधवल दिसत असले तरी रॉ फाइलमध्ये रंगांची माहिती शाबूत राहते आणि आखाड्याच्या लाल मातीचा करडेपणा नंतर ठरवता येतो. कृष्णधवल करताना लाल चॅनेल (चित्रातील लाल रंगाचा वाटा) वाढवला की माती फिकी पडते, हिरवा वाढवला की ती गडद होते आणि मल्लाचे घामाने चमकणारे खांदे तिच्यावर उठून दिसतात. झरोक्यातला उजेड जळू नये, म्हणजे नुसता पांढराफटक होऊ नये म्हणून एक्सपोजर त्यावर बेतले होते आणि अंधाऱ्या कोपऱ्यांतील छटांसाठी १६ बिटची, म्हणजे करड्याच्या हजारो पायऱ्या ठेवणारी टिफ फाइल दिली होती. दुकानदाराने तिची ८ बिटची जेपेग करून, म्हणजे करड्याच्या जेमतेम २५६ पायऱ्या ठेवून, तीच छापली. त्यामुळे सावल्यांत पट्टे उमटले.

प्रती ट्यूबलाइटखाली हिरवट आणि उन्हात जांभळट दिसू लागल्या, तेव्हा संशय आला. दहापट भिंगातून पाहिल्यावर करड्या शाईऐवजी निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दाटीने दिसले. मागच्या बाजूवर टाकलेला पाण्याचा थेंब न जिरता तसाच राहिला, आणि कोपरा फाडल्यावर कापसाचे तंतू नव्हे, तर प्लॅस्टिकचा पापुद्रा निघाला. यांतील काही प्रती वस्तादांना भेट द्यायच्या होत्या. तालमीच्या उजेडात डाय शाईचे चित्र लवकर विटले असते, याचे मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटले.

बिलावर त्याने केवळ ‘फोटो प्रिंट’ असे लिहिले होते; मात्र कागदाचे नाव आणि वजन सांगणारा त्याचा व्हॉट्सअॅप संदेश माझ्याकडे असल्यामुळे मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकलो. आपण काम देताना कागद, त्याचे वजन आणि शाईचा प्रकार बिलावरच लिहून घ्यावा, आणि आधी एक छोटी चाचणी प्रत मागून तिचा कोपरा फाडून पाहावा.