ह्यूमन आरएनएज इनहिबिटर: आठ महिने वापरल्यावर

आरएनए तोडणाऱ्या आरएनएज एन्झाइमना अडवणारं प्रथिन म्हणजे आरएनएज इनहिबिटर. ई. कोलाय जिवाणूत तयार केलेला त्याचा ह्यूमन, म्हणजे मानवी, प्रकार आमच्या प्रयोगशाळेत गेले आठ महिने जवळजवळ रोज वापरतोय. ४० युनिट प्रति मायक्रोलिटर, ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे २० अंशांवर. कामं दोनच: टी-७ पॉलिमरेज या एन्झाइमने डीएनएवरून आरएनए बनवायचा आणि आरएनएवरून सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) करायचा. २० मायक्रोलिटरच्या रिॲक्शनला अर्धा ते एक मायक्रोलिटर.

पहिले तीन महिने तक्रारीला जागा नव्हती. चौथ्या महिन्यात जेलवर आरएनएच्या पट्ट्यांऐवजी स्मिअर, म्हणजे तुटलेल्या आरएनएचा पसरट डाग, दिसू लागला. पाणी बदललं, टिप्स बदलल्या, बेंच पुसपुसून काढला. दोष सापडला तो आमच्याच सवयीत. वेळ वाचावा म्हणून आम्ही बफर, डीटीटी (प्रथिनाला ऑक्सिडाइज होण्यापासून वाचवणारं रसायन) आणि इनहिबिटर सकाळीच एकत्र करून बेंचवर ठेवायचो आणि संध्याकाळपर्यंत त्यातूनच घ्यायचो.

इथे या प्रथिनाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. सुमारे ५० किलोडाल्टनच्या, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या या रेणूत ३२ सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) आहेत आणि ती सगळी रिड्यूस्ड, म्हणजे ऑक्सिडाइज न झालेल्या, अवस्थेत राहिली तरच तो काम करतो. शेजारशेजारच्या दोन सिस्टीनमध्ये डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध जुळला की पुढची घडी भराभर मोडते. शिवाय तो आरएनएजला मारत नाही, एकास एक असा धरून ठेवतो. ती पकड विलक्षण घट्ट आहे, पण इनहिबिटरच ऑक्सिडाइज झाला की धरलेला आरएनएज जसाच्या तसा, पूर्ण ताकदीनिशी सुटतो. आणि आपण निर्धास्त असतो, कारण 'इनहिबिटर घातलाय ना!' डीटीटी तर ८.५ पीएच आणि २० अंशांवर साधारण दीड तासात निम्मं होतं.

खात्रीसाठी टोटल आरएनएच्या तीन ट्यूबमध्ये एकेक नॅनोग्रॅम आरएनएज ए घातला. इनहिबिटर नसलेल्या ट्यूबमध्ये काहीच उरलं नाही. सकाळच्या मिश्रणात रायबोसोमल आरएनएच्या दोन पट्ट्यांपैकी १८एस पुसट, २८एस जवळपास गेलेला. ताज्या डीटीटीसोबत दोन्ही पट्टे ठसठशीत. ते जेल पाहिल्यावर मला खरंच हायसं वाटलं. आता डीटीटीचे छोटे भाग गोठवून ठेवतो, एक भाग एकदाच वापरतो, रिॲक्शनमध्ये निदान १ मिलिमोलर राखतो आणि इनहिबिटर अगदी शेवटी घालतो.

तापमानाचंही तसंच. प्रायमर (सीडीएनएची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) जोडण्यापूर्वी आरएनए ६५ अंशांवर तापवता ना? इनहिबिटर त्याआधी घालू नका. घडी उलगडली की धरलेलं सगळं मोकळं होतं.

तो अडवतो आरएनएज ए, बी आणि सी. टी१ आणि एच त्याच्या कक्षेत येत नाहीत. मिनिप्रेपने जिवाणूंतून काढलेल्या प्लाझ्मिडसोबत (छोट्या गोल डीएनएसोबत) बफरमधला आरएनएज ए येतो, तिथे निव्वळ इनहिबिटरवर विसंबणं मला पटत नाही. युनिटची व्याख्याच ५ नॅनोग्रॅम आरएनएज एची क्रिया निम्म्यावर आणणारी मात्रा अशी आहे. दूषण जास्त असेल तर तो कमी पडणारच. आम्ही टेम्प्लेट (ज्यावरून आरएनए बनतो तो डीएनए) आधी फिनॉल-क्लोरोफॉर्मने साफ करतो.

ज्यांना डीटीटी चालतच नाही, त्यांनी उंदराचा, म्हणजे म्युरिन इनहिबिटर घ्यावा. त्यात ती नाजूक सिस्टीन-जोडी नाही. आमच्या दोन्ही कामांत डीटीटी असतंच, त्यामुळे पुढची खेपही ह्यूमनचीच मागवली आहे.