निकॉन डी५६०० : बेळगाव-खानापूरच्या अंधारात काही महिने

रात्रीच्या फोटोंसाठी हा कॅमेरा घ्यावा का? घ्या, पण ट्रायपॉडचे पैसे आधी बाजूला काढा. माझी बॉडी जुन्या बाजारातली, सोबत १८-५५ मिलिमीटरची एएफ-पी लेन्स. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १६०० पर्यंत बिनधास्त. ३२०० ला दाणे दिसतात, रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल असेल तर सावरतात. त्यापुढे मी जात नाही.

शहरातलं काम सोपं. कपिलेश्वर उड्डाणपूल असो की निपाणीजवळचा तवंदी घाट, आयएसओ १००, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) आणि शटर दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवलं की गाड्यांच्या दिव्यांचे लाल-पांढरे पट्टे उमटतात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मात्र हे गणित कोलमडतं. एलईडीचा झगमगाट इतका की एखाद्या सेकंदावर यावं लागतं. सजीव देखाव्यातले मावळे पोझ धरून उभे राहिले की शटर सोडायचं. ते जागच्या जागी येतात आणि भोवतीची गर्दी धुरासारखी पसरते.

खरी परीक्षा ताऱ्यांची, आणि तिथे कॅमेऱ्यापेक्षा दिशा महत्त्वाची. यूट्यूबवर ताऱ्यांची पूर्ण वर्तुळं दिसतात ती बहुतेक उत्तरेकडच्या देशांतली. आपलं अक्षांश जेमतेम १६ अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. वर्तुळांचा खालचा भाग जमिनीत जातो. त्यात येळ्ळूरच्या राजहंसगडावरून उत्तरेला पाहिलं तर समोर अख्खं बेळगाव पेटलेलं. तोच गड दक्षिणेकडे तोंड केलं की कामाचा: आकाशगंगेचा गाभा आपल्याकडे दक्षिणेला चांगला ४५ अंश वर येतो. मार्चमध्ये पहाटे, मे महिन्यात मध्यरात्रीनंतर. जूनपासून खानापूर तालुक्यात ढगांचं राज्य, तेव्हा कॅमेरा कपाटात. गडापेक्षा गडद आकाश हवं असेल तर जांबोटी-कणकुंबीकडे जा, पण गावाच्या शिवाराजवळच थांबा. त्या रानात अस्वलं आहेत आणि भीमगड अभयारण्यात रात्री घुसणं हा फोटोग्राफीचा भाग नव्हे. शिवारात ट्रायपॉड लावला की कुणीतरी हटकतंच, "काय ओ, रिंगरोडचा सर्वे करूलालासा काय?" रिंगरोडला जमीन जाईल या धास्तीतला माणूस, स्क्रीनवरचे तारे दाखवले की तोच चहा आणतो.

आता सेटिंग. तारे ठिपक्यासारखे यावेत म्हणून शटर किती सेकंद उघडं ठेवायचं याचा ढोबळ हिशोब असा: ५०० ला १८ (लेन्सचे मिलिमीटर) गुणिले १.५ (या लहान सेन्सरचा गुणक) ने भागलं की साधारण १८ सेकंद येतात, पण २४ मेगापिक्सेलवर तेवढ्यातही तारे लांबट होतात. मी १३ सेकंद, एफ/३.५, आयएसओ ३२०० ठेवतो. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, एखादा ठळक तारा पूर्ण मोठा करून हातानं. एएफ-पी लेन्सचा फोकस विजेवर चालतो, त्यामुळे कॅमेरा झोपला की फोकस सरकू शकतो. ऑटो ऑफ टायमर लांबवून ठेवा आणि दर थोड्या वेळानं तपासा. ट्रायपॉडवर व्हीआर (हाताचा थरथराट सावरणारी सोय) बंद हवा. माझ्या लेन्सवर त्याचं बटण नाही, मेनूतून करावं लागतं.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आतल्या आत काळा फोटो घेऊन दाणे वजा करतो. एकट्या फोटोला उत्तम. लागोपाठचे अनेक फोटो जोडून काढायच्या ताऱ्यांच्या रेषांसाठी मात्र बंदच ठेवा, नाहीतर रेषा तुटक येतात. या रेषांना कॅमेऱ्यातला इंटरव्हल टायमर (ठरावीक वेळानं आपोआप फोटो घेणारा) पुरतो, वेगळा रिमोट घ्यायची गरज पडली नाही.

गडावरच्या वाऱ्यात हलक्या ट्रायपॉडची मधली दांडी वर काढली की फोटो गेलाच समजा. दांडी खाली, पाय फाकवलेले, मध्ये बॅग टांगलेली. डिसेंबर-जानेवारीत राकसकोप जलाशयाच्या काठी दव धरतं. लेन्सच्या काचेवर धुकं आलं की दोष कॅमेऱ्याला देऊ नका, कोरडं सुती फडकं जवळ बाळगा. लाइव्ह व्ह्यू बॅटरी खातो, दुसरी खिशात हवीच.

पुढे पैसे घालायचेच तर बॉडी बदलू नका. ३५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स घ्या. एफ/३.५ पेक्षा जवळजवळ चौपट उजेड येतो. सेकंद मात्र नऊ-दहाच्या आत ठेवावे लागतात आणि अख्खी आकाशगंगा एका चौकटीत मावत नाही, दोन-तीन फोटो जोडावे लागतात.